भोगीआधीचा बालबाजार: प्रकल्प नोंदी

शाळा जिल्हा परिषदेची, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा. इयत्ता पहिली ते सातवी, पट ९६. बाजाराचा दिवस शनिवार, ११ जानेवारी २०२५. दुसऱ्या शाळांना असा, मुलांनीच माल विकण्याचा बाजार भरवायचा असेल तर हाताशी राहाव्यात म्हणून या नोंदी ठेवल्या आहेत. सुरुवातीलाच एक ठरलं: वजन, पैसे आणि हिशेब मुलांच्याच हातून झाले पाहिजेत. गल्ला किती जमतो याला महत्त्व नाही.

२ डिसेंबर, सोमवार

आधी दिवसाचा प्रश्न. बरेच ठिकाणी बालबाजार स्नेहसंमेलनाच्या नाहीतर २६ जानेवारीच्या जोडीनं घेतात. त्या दिवशी घरात भाजीची गरज नसते. पालक कौतुकानं दहाची पेंडी घेतात, पन्नासची नोट देतात आणि ‘राहू दे तुला’ म्हणून पुढं जातात. सुट्टे परत देण्याचा, मापात घासाघीस होण्याचा प्रसंगच येत नाही. म्हणून गिऱ्हाइकाला खरोखर माल हवा असेल असा दिवस शोधला. यंदा भोगी १३ जानेवारीला, सोमवारी आहे. खेंगटासाठी, म्हणजे भोगीच्या मिश्र भाजीसाठी, प्रत्येक घरात वांगी, पावटा, गाजर, हरभरा, वाटाणा, बोरं, तीळ लागतंच. आधीचा शनिवार त्यासाठी नेमका. ‘आनंददायी शनिवार’, म्हणजे दप्तराविना उपक्रमांचा दिवस असल्यानं तासिका बुडण्याचाही प्रश्न नाही.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडला. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, त्यामुळं कुणाच्या रानात काय आहे ते बैठकीतच कळलं.

पहिली ते पाचवीची ६८ मुलं विक्रेते. दुकानं २४: वीस दुकानांवर तिघं, चारांवर दोघं. गट इयत्तेप्रमाणे पाडले नाहीत. प्रत्येक दुकानात एक लहान आणि बाकी मोठी. सहावी-सातवीच्या २८ मुलांकडं बाजाराची व्यवस्था: बँक ६, वजन तपासणी ६, पाणी आणि सफाई ६, वाट दाखवणं ५, हिशेब तपासणी ५.

७ डिसेंबर, शनिवार

‘काय विकणार?’ विचारल्यावर २४ पैकी १३ दुकानांनी मेथी-कोथिंबीर लिहिली. घरी सहज मिळते, वजन करावं लागत नाही, म्हणून. असा बाजार तासाभरात पडतो. शेजारी शेजारी तीच भाजी असली की भाव पाच रुपयांवर येतो आणि उरलेल्या पेंड्या माना टाकतात.

फळ्यावर भोगीची यादी लिहून मालाच्या चिठ्ठ्या काढल्या. पालेभाजीला चार दुकानं, त्यात मेथी, शेपू, चाकवत आणि कोथिंबीर एकेक. वांगी, पावटा, गाजर, वाटाणा प्रत्येकी दोन. हरभऱ्याच्या डहाळ्यांना दोन. बोरं-आवळे, ऊस आणि लिंबू यांना एकेक. तीळ, शेंगदाणे, गूळ, वाघ्या घेवडा आणि आलं यांनाही एकेक. एका दुकानात तिळाच्या वड्या आणि चिक्की. वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन आहे आणि तो याच तालुक्याचा, म्हणून त्याला जागा हवीच होती.

एवढी झाली २३. चोविसावं दुकान ‘भोगीच्या वाट्याचं’. या दुकानाचा स्वतःचा माल नाही. बाकीच्या दुकानांतून थोडं थोडं विकत घ्यायचं, एका घराला पुरेल असा वाटा बांधायचा आणि विकायचा. हे दुकान पाचवीच्या तिघांकडं दिलं, त्यांना एकाच वेळी घेणं आणि विकणं दोन्ही सांभाळायचं आहे. त्यांच्यापुरता लहान भिडू ठेवण्याचा नियम सोडला.

भजी, वडे, पाणीपुरी यांना नकार दिला. काही पालकांना ते रुचलं नाही, पण मैदानात गॅस, उकळतं तेल आणि पहिलीची पोरं एकत्र नकोत. शिवाय खाद्यपदार्थांपुढं भाजीचं दुकान ओस पडतं.

१४ डिसेंबर, शनिवार

तराजू. दहा दुकानांचा माल नगावर, पेंडीवर किंवा वाट्यावर जातो. उरलेल्या १४ दुकानांना तराजू हवेत. विकत घेण्याऐवजी इथंच करायचे ठरले, कारण तराजू का चुकतो हे तो बनवल्याशिवाय कळत नाही.

सामान: ६० सेंमी लांब, ३ सेंमी रुंद, १ सेंमी जाड लाकडी पट्ट्या १४ (प्रत्येकी ३० रुपये, ४२० रुपये). प्लास्टिकच्या पाट्या २८ (प्रत्येकी १२, ३३६ रुपये). सुतळी आणि नायलॉनची दोरी ९० रुपये. खिळे शाळेतले.

पहिली खेप फसली. तिन्ही भोकं पट्टीच्या बरोबर मध्यरेषेवर पाडली होती. अशी दांडी रिकामी असताना आडवी राहते, पण पाट्यांत माल पडला की एका बाजूला कलंडते ती पुन्हा वर येतच नाही. दोन्हीकडं समान वजन असलं तरी जशी सोडाल तशी तिरपी राहते. ज्या दोन पट्ट्यांत मधलं भोक नजरचुकीनं थोडं खाली गेलं होतं त्या तर सरळ उलट्या झाल्या. जिथून दांडी टांगली ती जागा, पाट्या लटकतात त्या रेषेच्या वर नसेल तर दांडी आपणहून समतोलावर येत नाही.

सुतळीचाही त्रास झाला. भोकातून ओवलेली सुतळी धाग्यांमुळं अडते आणि दांडी हलकं वजन दाखवतच नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

दुरुस्ती. मधलं भोक नव्यानं, मध्यरेषेच्या ५ मिमी वर. टोकांची भोकं मध्यरेषेवरच. मधल्या भोकात सैल बसेल असा खिळा घालून त्याच्या दोन्ही बाजूंना दोरी बांधली, म्हणजे दांडी खिळ्यावर फिरते, दोरी पिळत नाही. पाट्यांना नायलॉनची दोरी. भोक आणखी वर नेऊ नये, दांडी मंद होते आणि दहा-वीस ग्रॅमचा फरक डोळ्याला दिसत नाही. मध्यावर खराट्याचा हीर उभा बांधला, तो काटा. त्याच्यामागं खिळ्यावरून सोडलेली ओळंब्याची दोरी. हीर आणि दोरी एकावर एक आले की वजन बरोबर.

दोन दोष वेगवेगळे ओळखायला शिकवले, यावर पूर्ण तासिका गेली आणि ती सत्कारणी लागली.

पहिला दोष: पाट्या रिकाम्या असतानाच दांडी एका बाजूला झुकते. पाट्यांचं किंवा दोरीचं वजन सारखं नसतं. हलक्या बाजूला पासंग बांधायचा. तारेचा तुकडा नाहीतर खडा चालतो, पण तो दोरीला पक्का बांधलेला हवा. पाटीत सुटा ठेवलेला पासंग माल ओतताना मालाबरोबर जातो.

दुसरा दोष लपलेला असतो. दांडीच्या दोन भुजा असमान असल्या तर पासंगानं रिकामा तराजू बरोबर दिसतो, पण माल चढवला की मापात फरक येतो. साधारण २८ सेंमीच्या भुजेत ३ मिमीचा फरक असला तर किलोमागं सुमारे १० ग्रॅम इकडं-तिकडं होतात. तपासणी सोपी आहे: माल आणि वजन तोलून घ्या, मग दोन्हींची पाट्यांत अदलाबदल करा. तरीही काटा मध्यावर आला तर भुजा समान. १४ पैकी ४ तराजू इथं नापास झाले. त्यांचं एका टोकाचं भोक बुजवून नवं पाडलं.

तिसरीच्या मुलीनं अदलाबदल करून ‘हा तराजू गिऱ्हाइकाला फसवतोय’ असं फळ्यावर लिहून दाखवलं. वजन तपासणी गटात सहावी-सातवीचीच मुलं घ्यायची होती, तरी तिला त्यात घेतलं. त्या बदल्यात तपासणीतली एक मुलगी तिच्या दुकानावर गेली.

हातात धरून तोलताना हात हलतो, काटा स्थिर होत नाही. तीन काठ्यांची तिवई करून तराजू तिला टांगला. पाटी जमिनीपासून चार बोटं वर हवी. त्याहून उंच टांगली तर पहिलीच्या मुलाला काटा दिसत नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

वजनं. एका संचात १ किलो, ५००, २००, १०० आणि ५० ग्रॅम, म्हणजे १ किलो ८५० ग्रॅम. चौदा संचांना २६ किलोच्या आसपास वाळू. पिशव्या शिंप्याकडच्या कापडाच्या तुकड्यांच्या, मुलांनी हातशिलाईनं शिवल्या. प्रमाण म्हणून किराणा दुकानातली छाप मारलेली वजनं एका दिवसापुरती मागून आणली. पडताळणी दूध डेअरीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर.

पिशवीचं स्वतःचं वजन धरून तोलायचं. ५० ग्रॅमच्या पिशवीत कापडच ८-१० ग्रॅम भरतं. आधी वाळू तोलून मग पिशवीत भरली तर लहान वजनातच सगळ्यात मोठी चूक होते.

२६ डिसेंबर, गुरुवार

सगळी वजनं पुन्हा काट्यावर घातली. किलोच्या पिशव्या ३० ते ४० ग्रॅमनं हलक्या भरल्या. वाळू वरून कोरडी दिसत होती, आत ओल होती आणि ती पाच दिवसांत कापडातून उडाली. पिशव्या उसवल्या, वाळू पत्र्यावर पातळ पसरून दोन दिवस उन्हात ठेवायची, आधी प्लास्टिकच्या पुडीत भरून मग कापडात शिवायची. या कामात एक आठवडा गेला. दुसऱ्या शाळांनी वाळू सुरुवातीलाच वाळवून घ्यावी.

२८ डिसेंबर, शनिवार: रंगीत तालीम

खडे, चिंचोके आणि कागदी नोटा घेऊन अर्धा बाजार मांडला. वजनं तयार नव्हती म्हणून किराण्याची वापरली.

पाव किलो म्हणजे २०० आणि ५०, पाऊण म्हणजे ५००, २०० आणि ५०, हे पटकन जमलं. ४०० ग्रॅमला गाडी अडली. संचातली वजनं जोडून ४०० होत नाहीत. चौथीच्या एका गटानं स्वतः उपाय काढला: ५०० एका पाटीत, मालाच्या पाटीत १००. हे सगळ्या दुकानांना दाखवायला त्याच गटाला फिरवलं.

मोठी अडचण सुट्ट्यांची. ३५ रुपयांचा माल, ५० ची नोट. मुलं पाटीवर उभी वजाबाकी मांडतात, हातचा घेतात, तोवर तीन गिऱ्हाइकं निघून जातात. दुकानदाराची रीत शिकवली: मालाच्या किमतीपासून वर मोजत जायचं. ‘पस्तीस’, पाचाचं नाणं ठेवून ‘चाळीस’, दहाची नोट ठेवून ‘पन्नास’. वजाबाकी कागदावर येणाऱ्या मुलांनाही हे वेगळं शिकावं लागतं, त्यासाठी रोज परिपाठानंतर दहा मिनिटं ठेवली.

गिऱ्हाइकाची नोट सुट्टे देऊन होईपर्यंत गल्ल्यात टाकायची नाही, वजनाच्या पिशवीखाली दिसेल अशी ठेवायची. ‘मी शंभर दिले होते’ हा वाद तालमीत चार वेळा झाला, या नियमानंतर थांबला.

दुसरीच्या पोरांना मोठी पोरं नुसतं पाणी आणायला पिटाळत होती. म्हणून प्रत्येक दुकानातल्या लहान मुलाला त्याचा स्वतःचा माल दिला: पाच रुपयांचा बोरांचा, आवळ्यांचा किंवा चिंचांचा वाटा. वाटे मांडणं, मोजणं, पैसे घेणं त्याचंच.

३ जानेवारी, शुक्रवार

सावित्रीबाई फुले यांची जयंती. त्यांचं जन्मगाव नायगाव याच जिल्ह्यातलं, त्यामुळं या दिवशी गावातल्या बायका शाळेत आवर्जून येतात. कार्यक्रम संपल्यावर तिथंच मोठ्यांसाठीचे नियम सांगितले. दुकानाच्या मागच्या बाजूला पालकांनी उभं राहायचं नाही. मूल मोजत असताना उत्तर सांगायचं नाही. पाचशेची नोट आणायची नाही. सुट्टे ‘राहू दे’ म्हणायचं नाही, मोजून घ्यायचेच. वजनाची शंका आली तर तपासणी गटाला बोलवायचं, सोडून द्यायचं नाही. शेवटचा नियम सगळ्यात अवघड आहे, कारण मुलांना माप मागणं मोठ्यांच्या जिवावर येतं. पण कुणी माप तपासलंच नाही तर एवढे तराजू केले कशाला?

मोबाइलवरून पैसे देणाऱ्यांसाठी कुपनं. प्रवेशापाशी बँकेचं टेबल, तिथं महिला बचत गटाचा क्यूआर कोड. शिक्षकाच्या खासगी खात्यावर पैसे घ्यायचे नाहीत. पैसे भरले की १०, २०, ५० ची रंगीत कुपनं मिळतात. दुकानदार ती रोखीसारखी घेतो आणि शेवटी बँकेत बदलून नेतो. प्रत्येक कुपनावर शाळेचा शिक्का आणि क्रमांक. तालमीत साध्या कागदाची कुपनं होती, तेव्हा वहीच्या पानाची नक्कल तासाभरात बाजारात फिरली.

८ जानेवारी, बुधवार

भाव. मुलांनी घरच्यांबरोबर तालुक्याच्या बाजारात आणि गावच्या व्यापाऱ्याकडं विचारून प्रत्येक मालाचे दोन भाव आणले: व्यापारी जागेवर घेतो तो आणि बाजारात विकला जातो तो. दोन्ही वहीत लिहिले. घरच्या मालाची खरेदी मुलं शून्य मांडतात आणि सगळा गल्ला नफा समजतात. त्यामुळं जागेवरचा भाव हीच मालाची किंमत धरायची, असं ठरवलं. वांगी जागेवर ४०, विक्री ६०. गाजर २५, विक्री ४०. पावटा ५५, विक्री ८०.

किलोचा विक्रीभाव २० च्या पटीत ठेवला, म्हणजे पाव किलोला १०, १५, २० असे आकडे येतात. ५० रुपये किलो ठेवला की पावाला साडेबारा, आणि तिथंच रांग तुंबते.

भोगीचा वाटा: पाव किलो वांगी १५, पाव किलो पावटा २०, पाव किलो गाजर १०, हरभऱ्याची पेंडी १०, बोरांचा वाटा ५, ५० ग्रॅम तीळ १०. बेरीज ७०. हाच वाटा ८० ला विकायचा. इतर दुकानांनी या दुकानाला भाव कमी करायचा की नाही, हे त्यांनी आपसात ठरवावं.

१० जानेवारी, शुक्रवार

मैदानावर फक्कीनं आखणी. दुकान २ मीटर बाय दीड मीटर, समोरासमोरच्या रांगांत अडीच मीटरची वाट. पालेभाजीची चार दुकानं इमारतीच्या पश्चिमेला, सकाळी सावली तिकडं असते.

प्रत्येक दुकानाला ५० रुपये सुट्टे: पाचाची ४, दोनची १० आणि एकची १० नाणी. चोवीस दुकानांचे १,२०० रुपये. एवढी नाणी किराण्यात मिळाली नाहीत, देवस्थानच्या दानपेटीतून नोटा देऊन बदलून घेतली. भोगीच्या वाट्याच्या दुकानाला खरेदीसाठी आणखी २०० रुपये उसने, वेगळे लिहून.

मेथी, शेपू, चाकवत आज संध्याकाळी उपटायचं, मुळं खाली ठेवून ओल्या पोत्यात गुंडाळायचं. वांगी उद्या सकाळी तोडायची. आलं आजच धुऊन सुकवायचं. मातीसकट एक किलो तोललेलं आलं धुतल्यावर ८८० ग्रॅम भरलं, म्हणजे तेवढ्या मातीचे पैसे गिऱ्हाईक देणार होतं.

आतापर्यंतचा खर्च: तराजूंचे ८४६, फक्की १५०, कुपनांचा कागद ८०, हिशेबपत्रकांच्या झेरॉक्स ६०. एकूण १,१३६ रुपये.

११ जानेवारी, शनिवार: बाजार

८ ला मांडणी, ९ ला सुरुवात, ११:३० ला बंद.

पहिली वीस मिनिटं बँकेपाशी गर्दी तुंबली. कुपनांचा क्रमांक, रक्कम आणि नाव लिहीत होते. नाव लिहिणं बंद केलं, रांग मोकळी झाली.

साडेनऊला वाटाण्याच्या एका तराजूचा काटा सरकला. पासंगाचा खडा दोरीतून निसटला होता. तपासणी गटानं दुकान पाच मिनिटं थांबवलं, पासंग पुन्हा बांधला आणि आधीच्या तीन गिऱ्हाइकांना शोधून प्रत्येकाला मूठभर वाटाणा नेऊन दिला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

भोगीच्या वाट्याचं दुकान दहापर्यंत रिकामं होतं, कारण ते पूर्ण भावानं खरेदी करायला कचरत होते. मग त्यांनी वांग्याच्या दुकानाशी बोलणं केलं: दोन किलो एकदम घेतो, ५० नं दे. पावट्यालाही तसंच, ७० नं. त्यानंतर ११ पर्यंत बांधलेले आठही वाटे गेले.

कोथिंबिरीच्या दुकानानं पाणी जास्त मारलं. वरच्या पेंड्या टवटवीत, तळातल्या काळ्या पडल्या. पोतं ओलं ठेवायचं, पाल्यावर थेट पाणी ओतायचं नाही.

‘राहू दे’ म्हणणारे आजही निघालेच. गाजराच्या दुकानातल्या पहिलीच्या मुलानं एका आजोबांचा पाच रुपयांसाठी मैदानाच्या टोकापर्यंत पाठलाग केला आणि त्यांच्या हातावर नाणं ठेवूनच परत आला.

उरलेल्या पालेभाज्या आजच घरोघरी दिल्या, सोमवारपर्यंत टिकणार नाहीत. गाजर, वांगी, वाटाणा, पावटा मिळून ११ किलो शाळेत ठेवलं.

१३ जानेवारी, सोमवार

पोषण आहारात पहिली ते पाचवीला ५० ग्रॅम आणि सहावी-सातवीला ७५ ग्रॅम भाजी धरतात. ६८ मुलांची ३ किलो ४०० ग्रॅम, २८ मुलांची २ किलो १००, एकूण साडेपाच किलो. हा हिशेब सातवीनं मांडला. त्याप्रमाणे काढून दिलेल्या भाजीचं खेंगट शाळेतच शिजलं. बाकीची साडेपाच किलो स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी आणि मदतनीसांनी नेली.

हिशेबपत्रक: गल्ल्यातली रक्कम आणि कुपनं, वजा ५० रुपये सुट्टे, म्हणजे विक्री. विक्री वजा जागेवरच्या भावानं आणलेल्या सगळ्या मालाची किंमत, म्हणजे नफा. उरलेला आणि खराब झालेला माल वेगळा लिहायचा, पण खर्चातून वगळायचा नाही. कोथिंबिरीच्या दुकानाला यामुळं ४५ रुपये तोटा दिसला. पहिल्यांदा त्यांनी फक्त विकलेल्या पेंड्यांचा खर्च धरून नफा काढला होता. तपासणी गटानं तो परत पाठवला.

विकलेला माल आणि गल्ला यांचा मेळ १७ दुकानांचा रुपयाला रुपया बसला. पाच दुकानांत दहा रुपयांच्या आत फरक. दोन दुकानांत जास्त: एकात ५० कमी, ते कुपन बोरांच्या टोपलीखाली सापडलं. दुसऱ्यात ४० जास्त. जास्त निघालेले पैसे नफ्यात धरू दिले नाहीत, कारण कुणाला तरी सुट्टे कमी गेले आहेत. गावात सांगितलं आहे, आठवडाभर वाट पाहायची, मग समितीत ठेवायचं.

बँकेनं २,४०० ची कुपनं दिली, २,३७० ची परत आली. उरलेली तीस रुपयांची कुपनं दोन घरांतून आज मुलांच्या हाती आली, पैसे परत दिले.

१८ जानेवारी, शनिवार

चाळीस रुपयांवर हक्क सांगायला कुणी आलं नाही, ते समितीच्या बैठकीसाठी लिहून ठेवले. देवस्थानची नाणी मोजून परत केली, २०० रुपये उसने फिटले. तराजू दांडीपासून पाट्या सोडून कपाटात, वजनं कोरड्या डब्यात. पुढच्या वर्षी वाळूची पडताळणी बाजाराच्या आठवडाभर आधी पुन्हा करायची आहे. बँकेची टेबलं दोन करायची. पालेभाजीची दुकानं चाराऐवजी तीन पुरेत, आणि भोगीच्या वाट्याची दोन हवीत, म्हणजे खरेदीच्या भावावरून त्यांच्यात चुरस लागेल.